मोडीत निघालेला सिनेमा

टोकावडे मुरबाड तालुक्यात, कल्याण–नगर रस्त्यावर. सरळगाव मागं पडलं की टोकावडे, पुढं वैशाखरे, मोरोशी आणि मग माळशेजचा घाट. सिनेमातली माणसं इथं कुणी ओळखीची नव्हती. तरी मराठी सिनेमाचे झाडून सगळे नट-नट्या या रस्त्यानं येऊन गेले. कुणी रिळांच्या डब्यात बसून, कुणी गाण्याच्या चोपडीत, कुणी भोंग्यातून, कुणी कॅसेटमधून. त्यांची चरित्रं पुस्तकांत आहेत. इथं नोंद आहे ती ज्या वस्तूंनी आणि सवयींनी ती माणसं खेड्यात आणली त्यांची. बऱ्याचशा गेल्या आहेत. उरलेल्या वाटेला लागल्या आहेत.

तंबू

या भागातली मोठी जत्रा म्हशाची, पौष पौर्णिमेची. गुरांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, तमाशा. जत्रांच्या मोसमात टुरिंग टॉकीजवाले एका गावाहून दुसऱ्या गावाला हलायचे. प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यातच बसवलेला. कापडातून उजेड आत येतो, म्हणून खेळ अंधार पडल्यावर. बसायला जमीन. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, मधे दोरी.

तंबूत ताजा सिनेमा येत नसे. मुंबई-पुण्यात चालून चालून झिजलेली प्रत यायची. त्यामुळं तंबूचं पंचांगच निराळं होतं. हंसा वाडकर १९७१ मध्ये गेल्या. तंबूत त्या पुढंही नाचत राहिल्या. नट मेल्याची बातमी वर्तमानपत्रातून येते आणि वर्तमानपत्र येत नव्हतं, सिनेमा येत होता.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूंवरचा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तंबू जगाला दिसले तेव्हा ते उठायला लागले होते.

डाव्या हातातली तलवार

पडद्याच्या मागच्या अंगानंही सिनेमा दिसतो, फक्त उलटा. मागं बसलेल्यांना नावं वाचता येत नसत. ज्यांना समोरूनही वाचता येत नसत त्यांचं काही बिघडत नसे. तिथून पाहिलं की महाराजांची तलवार डाव्या हातात.

ते महाराज बहुधा चंद्रकांत मांडरे. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’त ते होते. कॅलेंडरावरच्या महाराजांइतकाच त्यांचा चेहरा खेड्यांत ओळखीचा झाला. धाकटे भाऊ सूर्यकांतही नट, दोघेही कोल्हापूरचे, दोघांच्याही हातात चित्रकला. चंद्रकांतांनी आपलं राहतं घर आणि चित्रं समाजाला दिली; राजारामपुरीत त्यांचं संग्रहालय आहे. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, खाक झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते.

भोंग्यावरची नावं

दुपारी जीप फिरायची. वर कर्णा, दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर खळीनं डकवलेली पोस्टरं. भोंगेवाला नावं घ्यायचा ती ठरलेल्या क्रमानं. आधी जयश्री गडकर, मग अरुण सरनाईक, मग “आणि हास्यसम्राट”. दिग्दर्शकाचं नाव भोंग्यावर येत नसे.

म्हणून अनंत माने हे नाव खेड्यात कुणाला ठाऊक नाही. ‘सांगत्ये ऐका’, ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’, ‘एक गाव बारा भानगडी’ ही नावं मात्र म्हाताऱ्या माणसांना धडाधड येतात. सगळे त्यांचेच. प्रभातमध्ये ते संकलन शिकले. कुठं कापायचं हे हाताला कळल्यामुळं त्यांच्या सिनेमात सवाल-जवाब कधी रेंगाळत नाही. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो अडीच वर्षं चालला. तंबूत तो दोन-तीन रात्री चालायचा, पण दर जत्रेला.

घाट उतरून येणारा फड

माळशेजच्या वर जुन्नर तालुका, तिथं नारायणगाव. तमाशाच्या सुपाऱ्या तिथं ठरतात. राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, तारखा घेतात. फडाचे ट्रक घाट उतरून याच रस्त्यानं खाली यायचे. त्यामुळं आमच्याकडच्या प्रेक्षकाला एक सोय होती. पडद्यावरचा तमाशा आणि पालातला तमाशा, दोन्ही त्यानं पाहिलेले असत, आणि कुणाची ढोलकी खरी हे तो सांगू शके.

पालात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. राष्ट्रपतींच्या हातचा मान मिळाला, शेवट हलाखीत झाला, २००२ मध्ये. पडद्यावर हंसा वाडकर. त्यांनी आपलं आयुष्य स्वतः सांगितलं, अरुण साधूंनी शब्दांकन केलं, पुस्तकाला नाव ‘सांगत्ये ऐका’ या सिनेमाचंच दिलं. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाईंचे सिनेमे आमच्याकडे आले. त्यांच्या आयुष्यावरचा सिनेमा तंबूच्या वाटेचा नव्हता.

दोन्ही तमाशे पाहून तुलना करणारा प्रेक्षक आता सत्तरीच्या पुढं आहे.

नाच्या

गणपत पाटील. पडद्यावर ते आले की तंबूत शिट्ट्या. तो हात, ती मान, ते “अगं बाई”. तमाशापटात त्यांच्याशिवाय बोर्ड उभा राहत नसे. कोल्हापूरच्या गरीब घरातला हा माणूस. रंगभूमीवर आणि सिनेमात साध्या, गंभीर भूमिकाही करून आलेला. नाच्या इतका खरा केला की लोक त्यांना तसंच समजले. घरी बायको, मुलं, संसार होता. मुलांची लग्नं जमवताना त्या भूमिकेनं त्रास दिला. २००८ मध्ये ते गेले.

शिट्ट्या मारणाऱ्यांत आम्हीही होतो. नाच्याची भूमिका सिनेमातून गेली याचं वाईट वाटू नये. ती करणाऱ्याला आपण काय दिलं, याचं वाटावं.

गाण्याची चोपडी

चार-आठ पानं, स्वस्त कागद, एकरंगी छपाई. मुखपृष्ठावर नटी. आत कथेचा सारांश, तो अर्ध्यावर तोडलेला आणि पुढचं पडद्यावर पाहा म्हणून सांगितलेलं. मग गाणी. तंबूच्या दारात काही पैशांना मिळायची.

भोंग्यावर जी नावं नसत ती इथं असत: गीत, संगीत, पटकथा, दिग्दर्शन. राजा परांजपे हे नाव दिग्दर्शक म्हणून खेड्यात वाचलं गेलं असेल तर या चोपडीत. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ हे १९५२ चे, ‘ऊनपाऊस’ १९५४ चा, ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची, चित्र राजाभाऊंचं. ‘जगाच्या पाठीवर’मध्ये राजाभाऊ स्वतः नायक आहेत, तेही पन्नाशीला आलेले, साध्या चेहऱ्याचे. असा नायक त्यानंतर मराठी पडद्यावर फारसा उभा राहिला नाही.

चोपडी घरी आली की शाळेत जाणारं पोर वाचायचं आणि आया-मावश्या ऐकून पाठ करायच्या. जात्यावरच्या ओव्यांच्या शेजारी ही गाणी बसली. जातं गेलं, चोपडी गेली. माळ्यावर कुठं मिळालीच तर वाळवीनं मधली पानं घेतलेली असतात.

चप्पल काढून बसणारा प्रेक्षक

देवाचा किंवा संतांचा सिनेमा असला की पुढच्या बायका चपला काढून बसत. कुणी पडद्याला नारळ फोडी.

‘संत तुकाराम’ १९३६ चा, प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. मुंबईत तो वर्षाहून अधिक चालला आणि तंबूंत अनेक पिढ्या. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. आधी ते नाटकात बायकांच्या भूमिका करत. सिनेमानंतर त्यांना स्वतःचा चेहरा उरला नाही, लोक पाया पडत. १९४३ मध्ये ते वारले. तुकोबांची अनेक छापील चित्रं त्यांच्याच चेहऱ्याची वाटतात. आवली झालेल्या गौरीबाई प्रभातमध्ये किरकोळ कामं करत वर आलेल्या. त्यांची आवली मात्र कुठल्याही वाडीत भेटेल अशी आहे. म्हशीला, नवऱ्याला आणि विठोबाला एकाच सुरात बोलणारी.

१९४० चे ‘संत ज्ञानेश्वर’ शाहू मोडक. पुढं कितीतरी चित्रपटांत कृष्णही तेच. मूळचे नगरचे, आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे, आणि जन्मानं ख्रिस्ती. कपाळाला बुक्का लावलेल्या माळकऱ्यांनी त्यांना हात जोडले आणि कुणाला काही खटकलं नाही. ही गोष्ट आज मुद्दाम लिहून ठेवावी लागते.

रीळ बदलतानाचा वेळ

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, दोन हजारांचं वीस-बावीस मिनिटांत. मोठ्या थिएटरात दोन प्रोजेक्टर, म्हणून कळत नाही. तंबूत एकच. रीळ संपलं की पडदा पांढरा, आणि तेवढ्यात विड्या पेटत, पोरं मुतायला पळत, पुढं काय होणार यावर पैजा लागत.

प्रत गावोगाव तुटायची. तुटली की ऑपरेटर चार फूट कापून जोडायचा. दर मुक्कामाला सिनेमा थोडा आखूड होत जायचा. एखादं गाणं मधेच उडी मारायचं. ती उडीसुद्धा पाठ असायची. पुढं टीव्हीवर तोच सिनेमा अख्खा पाहिला तेव्हा पुष्कळांना तो चुकीचा वाटला.

सिनेमा सांगणारा

ज्याला तंबूला जाता आलं नाही त्याला कुणीतरी सिनेमा सांगायचं. शेकोटीपाशी, लावणीच्या शेतात, दोन-दोन संध्याकाळी. नटांचे आवाज काढून, लढाईसकट, गाण्यासकट. राजशेखर खलनायक, निळू फुले त्याहून आतल्या गाठीचा खलनायक, हे न बघताच माहीत असलेली माणसं होती. पुढाऱ्याचा बेरकीपणा दाखवायला निळूभाऊंच्या आवाजात एक वाक्य बोललं की पुरे. सेवादलातून आलेला, साधा राहिलेला हा माणूस पडद्यावर मात्र ज्या गावगुंडीविरुद्ध आयुष्यभर बोलला तीच हुबेहूब करून दाखवत होता. २००९ मध्ये ते गेले.

सांगणारा गेला, कारण न पाहिलेला माणूसच उरला नाही.

ललिता पवार, एक शिवी

“अगदी ललिता पवार आहे” म्हटलं की सासूचं पूर्ण वर्णन झालं. बाई येवल्याच्या, १९१६ चा जन्म, मूकपटात नायिका. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली. मग त्याच डोळ्यावर पुढची पाच दशकं काढली; ‘रामायण’ मालिकेतली मंथराही त्याच. १९९८ मध्ये पुण्यात गेल्या तेव्हा घरात एकट्या होत्या.

आजच्या सुनेला ही तुलना कळत नाही. सासवांनी सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही.

वरातीतली पावलं

दोन्ही हात कोपरात मोडून खांद्याच्या उंचीला, पाय जागच्या जागी, कंबर हलकी. हळदीला आणि वरातीत बाप्ये असे नाचतात ती चाल भगवानदादांची. ‘अलबेला’, १९५१. गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा शौक, स्टंटपट काढता काढता स्वतःचा स्टुडिओ. मग पैसा गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतल्या खोलीत ते वारले. गणपतीत रस्त्यावरची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी थांबून त्यांच्यासाठी वाजवून पुढं जायची.

पावलं अजून आहेत. कुणाची, हे विचारलं तर पोरं अमिताभचं नाव सांगतात.

शनिवारचा मराठी चित्रपट

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. डोंगराच्या कुशीत चित्र पोचायला वेळ लागला. पोचलं ते मुंग्यांसकट. एक जण कौलावर अँटिना धरून, एक दारात, एक टीव्हीपाशी: “आलं, गेलं, आलं.” शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर अर्धी वाडी.

इथं सुलोचनाबाईंनी सगळ्यांची आई व्हायचं काम केलं. हे नाव त्यांना भालजींनी दिलं. मराठीत आधी नायिका, हिंदीत जन्मभर आई. ४ जून २०२३ रोजी त्या गेल्या. तोवर शनिवारच्या सिनेमाला कुणी जमत नव्हतं, प्रत्येकाच्या घरी टीव्ही आला होता.

व्हिडिओची रात्र

सत्यनारायण झाला, बारसं झालं, की रात्री “व्हिडिओ”. भाड्याचा टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी. पहिली घरच्यांसाठी, दुसरी सगळ्यांसाठी, तिसरी मारामारीची, जागे राहतील त्यांच्यासाठी.

दुसरी कॅसेट बहुतेक दादा कोंडक्यांची. नायगावच्या चाळीत वाढलेले, ‘विच्छा माझी पुरी करा’नं नाव काढलेले, ‘सोंगाड्या’पासून (१९७१) ओळीनं नऊ रौप्यमहोत्सव करून गिनीज बुकात गेलेले. नाडी लोंबणारी चड्डी घालून नायक होता येतं हे त्यांनी दाखवलं. शहाण्यांनी नाक मुरडलं. खेड्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण उठून गेल्या नाहीत.

रंजनाही याच कॅसेटींतून आली. १९८७ मध्ये अपघात झाला, चालणं गेलं, ती २००० मध्ये गेली. लक्ष्मीकांत बेर्डे पन्नाशीत, २००४ मध्ये. त्याचा ‘एक होता विदूषक’ हा तमाशातल्या सोंगाड्याचा सिनेमा. पुलंनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला. व्हिडिओच्या रात्री तो कुणी मागत नसे. हसवणाऱ्याकडून लोकांना रडणं नको होतं.

कॅसेटींना बुरशी येते. व्हीसीआर भंगारवाल्यानं किलोवर नेले.

लिंगोबाचा डोंगर

‘जैत रे जैत’, १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. ठाकरांचा सिनेमा. टोकावड्याच्या आसपास डोंगराच्या पायथ्यानं ठाकरवाड्या आहेत. मधाची पोळी, ढोलाभोवतीचा फेर, भगत, हे सगळं तिथलं रोजचं. सिनेमात ते पाहून शहरातली माणसं हरखली.

स्मिता पाटील १९८६ मध्ये, एकतिसाव्या वर्षी गेली. फेर आता लग्नात असतो, पण डीजेवर. नाचणाऱ्या पोरींतल्या कितींना ठाऊक असेल की आपल्या आज्यांसारखं लुगडं नेसून, कासोटा घालून एक मोठी नटी डोंगर चढली होती?

सावकाराचा सिनेमा

बाबूराव पेंटर, कोल्हापूर. कॅमेरा स्वतः बनवला, पडदे स्वतः रंगवले. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. शेतकऱ्याची जमीन सावकार लाटतो, शेतकरी शहरात मजूर होतो. तरुण शेतकरी झाले व्ही. शांताराम. हा मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ मध्ये बाबूरावांनी तोच बोलपट करून पुन्हा काढला.

मुरबाड-शहापुरात जमिनी विकल्या जाताहेत, फार्महाऊस उठताहेत, आणि सातबाऱ्यावरचं नाव गेलेला माणूस त्याच जागेवर रखवालदार आहे. शंभर वर्षांपूर्वीची कथा अजून जुनी झालेली नाही, फक्त तिची फिल्म गेली.

राख

जुनी फिल्म नायट्रेटची. ती आपोआपही पेटते आणि विझवता येत नाही. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता येते, म्हणून किती तरी सिनेमे वितळवले गेले. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले तीसच्या आसपास शिल्लक, त्यांतही बरेच तुकड्यांत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पुरा नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या साठ्याला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि प्रभातच्या मूळ नायट्रेट प्रती जळाल्या. दुसऱ्या प्रती आधी काढलेल्या होत्या म्हणून ‘संत तुकाराम’ आजही पाहता येतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायरांनी जन्मभर हेच केलं: मिळेल तिथून डबा आणायचा आणि प्रत काढायची.

मोबाइल

वर लिहिलेले बरेचसे सिनेमे आता मोबाइलवर मिळतात, फुकट. ही तक्रार नव्हे. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात पडल्या पडल्या जयश्री गडकर दिसते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नावांच्या पाट्या कापलेल्या असतात आणि मधे जाहिरात येते. कोण नट, कोण दिग्दर्शक, कुठलं साल, हे सांगायला शेजारी कुणी नसतं. सिनेमा वाचला आणि त्याच्याभोवतीची माहिती गळाली, असं झालं आहे.

ती माहिती अजून थोडी माळ्यांवर आणि थोडी म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. तेव्हा एक विनंती. घर पाडून स्लॅब टाकायच्या आधी माळ्यावरची ट्रंक उघडून बघा. गाण्याची चोपडी, पोस्टर, तिकिटाचा तुकडा, तंबूसमोर काढलेला फोटो निघाला तर बंबात घालू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथं फिल्मबरोबर पोस्टरं, फोटो आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केल्या जातात. आणि घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर त्याला तंबूत पाहिलेला एक सिनेमा पहिल्यापासून सांगायला लावा. मोबाइलवर त्याचा आवाज घेऊन ठेवा. गावाचं नाव आणि साल सुरुवातीलाच बोलायला सांगा.